गिरगाव रस्त्याची कड

मुंबईत धोबीतलावाच्या चौकातून निघून चिराबाजार, ठाकूरद्वार आणि गिरगाव नाका ओलांडत प्रार्थना समाजापर्यंत जाणारा दोनेक किलोमीटरांचा रस्ता महापालिकेच्या दफ्तरी जगन्नाथ शंकरशेट मार्ग म्हणून नोंदलेला असला, तरी तेथे तीन-चार पिढ्या राहिलेल्या कुटुंबांच्या तोंडी तो गिरगाव रोडच आहे. त्याच्या दोन्ही बाजूंना शंभरी ओलांडलेल्या लाकडी सांगाड्याच्या चाळी आहेत, १९३० नंतरच्या गोलाकार सज्जांच्या काँक्रीटच्या इमारती आहेत, सिनेमागृह पाडून उभारलेले बाजारसंकुल आहे, आणि गेल्या दोन-तीन दशकांत चाळींच्या जागी आलेले उंच मनोरेही आहेत. या रस्त्याचे रूप गवंड्यांनी, सुतारांनी आणि वास्तुरचनाकारांनी जेवढे घडवले तेवढेच ते भाडेनियंत्रण, दुरुस्ती उपकर, रस्तारेषा आणि चटईक्षेत्र यांच्या नियमांनी घडवले आहे. आणि आज त्याच्यावरून जे नाहीसे होत आहे त्यात सर्वांत मोलाची आहे ती घर आणि रस्ता यांच्यामधली, माणसांनी वापरून वापरून तयार केलेली कड, जिच्यासाठी पुनर्विकासाच्या हिशेबात अजून रकाना नाही.

वाड्यांपासून चाळींपर्यंत

इंग्रजांच्या किल्ल्याबाहेरचे गिरगाव मुळात नारळी-पोफळीच्या आणि फळझाडांच्या बागांचे गाव होते. आंबेवाडी, फणसवाडी, केळेवाडी ही रस्त्यालगतच्या वस्त्यांची नावे त्या बागाइतीची साक्ष देतात, आणि त्या बागांच्या सीमांनीच पुढच्या बांधकामाचा साचा ठरवून टाकला. वाडी म्हणजे रस्त्याकडे अरुंद तोंड असलेला आणि आत खोलवर गेलेला जमिनीचा पट्टा. त्यामुळे जेव्हा त्यावर घरे बांधली जाऊ लागली तेव्हा रस्त्यावर एखाद-दुसरीच इमारत आली आणि बाकीच्या तिच्या मागे, मधल्या बोळाच्या दोन्ही अंगांना, एकामागोमाग रचल्या गेल्या. आजही गिरगाव रस्त्यावरून चालणाऱ्याला जे दिसते ते वस्तीचे केवळ दर्शनी तोंड असते. खरी वस्ती बोळाच्या आत असते. खोताची वाडी हे या रचनेचे सर्वांत जुने टिकलेले उदाहरण. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी बांधलेली बाहेरून जिना असलेली, पुढे ओसरी आणि वर कौलारू छप्पर असलेली तेथील दुमजली घरे एकेकाळी साठाहून अधिक होती असे सांगितले जाते; आता त्यांतली निम्मीही उरलेली नाहीत, आणि वाडीचा समावेश वारसा परिसरांच्या यादीत झाल्यानंतरही ही घट थांबलेली नाही.

ज्यांचे नाव या रस्त्याला दिले गेले ते जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट (१८०३–१८६५) याच परिसरातले. मुंबईतल्या पहिल्या रेल्वेपासून आधुनिक शिक्षणापर्यंत एकोणिसाव्या शतकातल्या बहुतेक मोठ्या उपक्रमांत त्यांचा वाटा होता, आणि त्यांच्या हयातीतच गिरगावचे रूपांतर बागाइतीतून दाट वस्तीत होऊ लागले. अमेरिकेतल्या यादवी युद्धाच्या काळात कापसाच्या व्यापारातून आलेला पैसा, रेल्वे, गिरण्या, आणि फोर्टमध्ये वाढत गेलेल्या सरकारी व व्यापारी कचेऱ्या यांनी कोकणातून आणि देशावरून माणसे खेचून आणली. परळ-लालबागच्या गिरणगावात गिरणी कामगार स्थिरावला, तर कचेरीपर्यंत पायी जाता येईल अशा गिरगावात कारकून, शिक्षक, छापखान्यातले जुळारी, वकील आणि छोटे दुकानदार यांची वस्ती झाली. म्हणूनच गिरणगावातल्या एका खोलीच्या बिऱ्हाडाऐवजी येथे बाहेरची खोली आणि मोरीसह स्वयंपाकघर अशा दोन खोल्यांच्या बिऱ्हाडाची पद्धत अधिक रूढ झाली.

१८९६ साली आलेल्या प्लेगनंतर शहराच्या आरोग्यासाठी १८९८ मध्ये मुंबई सुधारणा विश्वस्त मंडळ, म्हणजे प्रसिद्ध 'इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट', स्थापन झाले. समुद्राकडचा वारा दाट वस्तीत खेळावा म्हणून त्याने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड असे पूर्व-पश्चिम जाणारे दोन रुंद रस्ते वस्ती पाडून काढले. पहिला गिरगाव रस्त्याच्या दक्षिण भागाला छेदून गेला, दुसरा उत्तर टोकाशी. दोन इमारतींमधले अंतर किती असावे याचा हिशेबही ट्रस्टने ६३.५ अंशांच्या कोनावर बसवला होता: खिडकीच्या तळापासून या कोनात रेषा ओढली असता समोरच्या इमारतीचा माथा तिच्या खाली राहिला पाहिजे, म्हणजे खोलीत उजेड पोहोचतो, असे ते गणित होते. गिरगाव रस्ता स्वतः मात्र या शस्त्रक्रियेतून सुटला. त्याला छेद मिळाले, रुंदी मिळाली नाही; आणि पुढच्या शंभर वर्षांतले त्याचे जवळजवळ सगळे प्रश्न व जवळजवळ सगळे सौंदर्य या एका गोष्टीतून निघाले.

कडेची रचना

रस्त्यावरची जुनी चाळ साधारणपणे तळमजला आणि वर तीन किंवा चार माळे अशा उंचीची असते. विटांच्या जाड भिंती, सागवानी खांब आणि तुळया, तुळयांवर फळ्यांची तक्तपोशी, वर मंगलोरी कौलांचे उतरते छप्पर, आणि रस्त्याच्या बाजूने प्रत्येक माळ्यावर लाकडी धिऱ्यांनी तोललेली, ओतीव लोखंडाचा किंवा लाकडी कठडा असलेली सलग गॅलरी, असा तिचा सांगाडा. १९३० नंतर काँक्रीट आले तेव्हा धिरे गेले, कठड्याच्या जागी सिमेंटच्या आडव्या पट्ट्या आणि गोल कोपरे आले, परंतु गॅलरी गेली नाही. सामग्री बदलूनही एखादा घटक टिकून राहतो, तेव्हा तो बांधणाऱ्यांच्या हौसेपेक्षा राहणाऱ्यांच्या गरजेतून आला आहे असे समजण्यास हरकत नाही.

ही गरज समजून घेण्यासाठी रस्ता आणि घर यांच्यामधले थर क्रमाने पाहावे लागतात. पदपथाला लागून दुकानाची पायरी असते, आणि दुकानदार तिच्यावर फळी टाकून मालाची मांडणी थोडी बाहेर आणतो. पायरीमागे गाळा, म्हणजे दहा-बारा फूट रुंदीचे अरुंद दुकान, आणि उंची असेल तर त्यात माल ठेवण्यासाठी पोटमाळा. दोन गाळ्यांच्या मधून चाळीचे प्रवेशद्वार निघते. तेथे भाडेकरूंच्या नावांच्या पाट्या, टपालाच्या पेट्या, विजेची मीटरे आणि वर जाणारा लाकडी जिना असतो. जिन्याच्या तोंडाशी बहुधा एखादा घड्याळ दुरुस्त करणारा, किल्ल्या बनवणारा किंवा फुलवाला वर्षानुवर्षे बसलेला असतो, ज्याचे भाडे कोणत्याही कागदावर नसते परंतु ज्याचा हक्क सारी चाळ मानते. त्यानंतर गॅलरी. ती घराचा भाग आहे, कारण तेथे वाळवण, कपडे, कुंड्या आणि दुपारची वामकुक्षी असते. ती सामायिक आहे, कारण शेजाऱ्याला आपल्या दारी जाण्यासाठी तिच्यातूनच जावे लागते. आणि ती रस्त्याचाही भाग आहे, कारण तिच्यात उभ्या असलेल्या माणसाला खालून हाक मारता येते, त्याचे तोंड ओळखता येते, आणि त्याला खालच्या भाजीवाल्याशी भाव करता येतो. दुसऱ्या-तिसऱ्या माळ्यापर्यंत ही ओळख शक्य असते; त्याहून फार वर गेले की माणूस दिसतो, पण ओळखू येत नाही.

पायरी, गाळा, प्रवेशद्वार, जिना आणि गॅलरी या पाच थरांना मिळून येथे कड म्हटले आहे. गिरगावातल्या सार्वजनिक जीवनाचा बराच भाग या कडेवर घडला. १८९३ पासून सार्वजनिक गणेशोत्सव करणारी केशवजी नाईक चाळ आणि लोकमान्य टिळक व महात्मा गांधी यांच्या सभा जेथे झाल्या ती शांताराम चाळ, ही दोन्ही ठिकाणे रस्त्यापासून थोडी आत असली तरी त्यांची रचना हीच: मध्ये पटांगण आणि भोवती गॅलऱ्या, म्हणजे सभेसाठी तयार प्रेक्षागृह. विसर्जनाच्या दिवशी चौपाटीकडे जाणाऱ्या मिरवणुका आणि गुढीपाडव्याची शोभायात्रा यांना या रस्त्यावर जो भरगच्चपणा येतो, त्याचे कारणही अरुंद रस्ता आणि दोन्ही बाजूंच्या भरलेल्या गॅलऱ्या यांच्या प्रमाणात आहे. रुंद रस्त्यावर तीच गर्दी विरळ वाटली असती.

अर्थात, हे लिहिताना चाळीतल्या जगण्याचा कष्टाचा भाग नजरेआड करणे अप्रामाणिकपणाचे होईल. गॅलरीच्या टोकाला असलेली सामायिक शौचालये, ठरावीक वेळी येणारे पाणी पिंपात भरून ठेवण्याचे आणि वर चढवण्याचे काम, दोन खोल्यांत तीन पिढ्या, आणि म्हातारपणी न झेपणारा उभा लाकडी जिना, हे सगळे मुख्यतः बायकांनी आणि वृद्धांनी सोसले. स्वतंत्र न्हाणीघर आणि उद्वाहक यांची इच्छा धरणाऱ्या भाडेकरूला वारशाच्या नावाने अडवण्याचा अधिकार कोणालाही नाही. प्रश्न वेगळा आहे: सोयीचे घर मिळवण्यासाठी कड गमावणे खरोखरच आवश्यक होते का?

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी या कडेवरचा आणखी एक धागा पाहायला हवा, तो करमणुकीचा आणि पुस्तकांचा आहे. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लोकांसमोर आला. १४ मार्च १९३१ रोजी पहिला भारतीय बोलपट 'आलम आरा' मॅजेस्टिक सिनेमागृहात प्रदर्शित झाला. आणि प्रभात फिल्म कंपनीचा 'संत तुकाराम' १९३६ पासून सेंट्रल सिनेमागृहात वर्षाहून अधिक काळ चालला. मॅजेस्टिकच्या आश्रयाने केशवराव कोठावळे यांनी सुरू केलेला मॅजेस्टिक बुक स्टॉल पुढे मराठीतली महत्त्वाची प्रकाशनसंस्था झाला. सिनेमागृह पडले, त्या जागी बाजारसंकुल आले, आणि मूळ नाव पुस्तकांच्या व्यवहारात जिवंत राहिले. केळेवाडीत १९६४ मध्ये उभे राहिलेले मुंबई मराठी साहित्य संघाचे नाट्यगृह, १९२३ पासून खाडिलकरांचे दैनिक 'नवाकाळ', धोबीतलावाच्या कोपऱ्यावर १९०४ पासूनचे कयानी हे इराणी उपाहारगृह, आणि त्याच्यासमोर १९३८ साली उघडलेले, आता बहुपडदा झालेले मेट्रो सिनेमागृह, ही सगळी याच रस्त्याच्या आसपासची वस्ती. रस्त्यावरून धावणारी ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी साऱ्या मुंबईतून बंद झाली, आणि तिने मोकळी केलेली जागा मोटारींनी घेतली.

गोठलेले भाडे, लावलेले टेकू

चाळींची दुरवस्था ही काळाची अपरिहार्य करणी नव्हती. तिला तारखा आहेत. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाणभाडे म्हणून १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे धरले आणि ते जवळजवळ तेथेच गोठवले. युद्धानंतरच्या टंचाईत भाडेकरूला संरक्षण देणे योग्यच होते, परंतु तात्पुरता म्हणून आलेला हा कायदा मुदतवाढी घेत अर्धशतक राहिला. भाड्यातून रंगाचाही खर्च निघेना, तेव्हा मालकाने इमारतीकडे पाठ फिरवली. भाडेकरूचा हक्क वारसाने पुढे जात असल्यामुळे तो जागा सोडीना. आणि अधिकृत भाडे नाममात्र राहिल्यामुळे व्यवहार पागडीकडे वळला. पागडी म्हणजे भाडेकरूने जागेत येताना मालकाला द्यायची ठोक रक्कम, जी मालकीच्या किमतीपेक्षा कमी पण भाड्याच्या मानाने प्रचंड असते, आणि जागा दुसऱ्याला देताना मिळणाऱ्या रकमेत मालकाचाही वाटा असतो. १९९९ च्या नव्या भाडे नियंत्रण कायद्याने पागडीला मान्यता दिली आणि वर्षाला चार टक्के भाडेवाढीची मुभा दिली. तोवर फार उशीर झाला होता.

दरम्यान इमारती कोसळू लागल्या होत्या. म्हणून १९६९ च्या कायद्याने ३० सप्टेंबर १९६९ पूर्वी बांधलेल्या बेट-शहरातल्या, म्हणजे उपनगरे वगळून उरणाऱ्या जुन्या मुंबईतल्या, भाड्याच्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसवला आणि त्या पैशातून दुरुस्तीसाठी मंडळ नेमले, जे पुढे म्हाडाचा, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचा, भाग झाले. अशा उपकरप्राप्त इमारतींची मूळ संख्या १९,६४२ होती. मंडळाच्या दुरुस्तीने हजारो कुटुंबांचा जीव वाचवला, याबद्दल कृतज्ञता असली पाहिजे. परंतु ती दुरुस्ती इमारतीचे रूप जपण्यासाठी नव्हती. सागवानी खांबाच्या जागी लोखंडी गर्डर आला, तक्तपोशीच्या जागी काँक्रीटचा थर, नक्षीच्या धिऱ्याऐवजी चौकोनी खांब, आणि जेथे तेवढेही जमले नाही तेथे तळमजल्यापासून माथ्यापर्यंत टेकू लावले गेले. गिरगाव रस्त्यावरच्या काही इमारती कित्येक पावसाळे अशा टेकूंवर उभ्या आहेत. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी अतिधोकादायक इमारतींची यादी निघते. २०१७ च्या ऑगस्टमध्ये जवळच्याच भेंडीबाजारातली हुसैनी इमारत कोसळून तीसहून अधिक माणसे मेली, तेव्हा दुरुस्तीच्या या पद्धतीची मर्यादा सर्वांना दिसली.

भाडे नियंत्रणाच्या एकाच कायद्याने चाळ वाचवली आणि कुजवलीही, असा हा विचित्र हिशेब आहे. भाडे गोठले नसते तर मालकांनी चाळी पाडून नव्या इमारती बांधल्या असत्या, आणि गिरगाव रस्त्याची जुनी कड कदाचित १९७० च्या दशकातच गेली असती.

जवळच्याच रॉयल ऑपेरा हाउसशी तुलना केली की मालकीची रचना किती निर्णायक असते हे कळते. १९११ साली पंचम जॉर्ज यांच्या हस्ते उद्घाटन झालेले हे नाट्यगृह १९९३ मध्ये बंद पडले, आणि वास्तुरचनाकार आभा नारायण लांबा यांच्या देखरेखीखाली जीर्णोद्धार होऊन २०१६ मध्ये पुन्हा उघडले. गोंडलच्या राजघराण्याची एकहाती मालकी, एक वास्तू, एक निर्णय. चाळीत मात्र एक मालक किंवा त्याचे भांडणारे वारस, पन्नास-साठ भाडेकरू, तळमजल्याचे दुकानदार आणि पागडीचे गुंतलेले हक्क असतात. तेथे जीर्णोद्धारासाठी पैसा आणि एकमत दोन्ही मिळत नाही, पाडण्यासाठी मात्र दोन्ही मिळते.

दातेरी रस्ता

पाडण्यासाठी एकमत होते याचे कारण विकास नियंत्रण नियमावलीतले कलम ३३(७). भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल याचे प्रमाण म्हणजे चटईक्षेत्र निर्देशांक. उपकरप्राप्त इमारतींना या कलमाने नेहमीपेक्षा अधिक निर्देशांक दिला. विकासकाने जुन्या भाडेकरूंना फुकट, मालकीची घरे बांधून द्यायची, आणि उरलेले चटईक्षेत्र बाजारभावाने विकून खर्च व नफा काढायचा, असा हा व्यवहार आहे. सध्याच्या नियमावलीत भाडेकरूला किमान ३०० चौरस फुटांचे घर मिळते. कलम ३३(९) अनेक इमारतींच्या समूहाला एकत्र विकसित करण्यासाठी आहे, आणि त्यासाठी बेट-शहरात किमान ४,००० चौरस मीटर जमीन लागते. वाड्यांच्या अरुंद पट्ट्यांत आणि असंख्य मालकांत विभागलेल्या गिरगावात ती जुळवणे अवघड, म्हणून येथे बहुतेक पुनर्विकास सुटा सुटा होतो.

सुट्या पुनर्विकासाचा रस्त्यावर होणारा परिणाम रस्तारेषेच्या नियमामुळे अधिक ठळक होतो. १८८८ च्या महापालिका कायद्यानुसार आयुक्त प्रत्येक रस्त्यासाठी नियमित रस्तारेषा ठरवू शकतात. जुनी इमारत त्या रेषेच्या पुढे असली तरी ती उभी असेतोवर राहते, आणि नव्याने बांधताना मात्र तिला रेषेमागे सरकावे लागते. सोडलेली पट्टी रस्त्याला मिळते आणि तिच्या बदल्यात मालकाला चटईक्षेत्र. सगळ्या इमारती एकदम बांधल्या गेल्या तर रस्ता सरळ रुंद होईल. पण त्या सुट्या सुट्या बांधल्या जात असल्यामुळे एक मनोरा मागे, शेजारची चाळ पुढे, पुन्हा मनोरा मागे, अशी रस्त्याची कड करवतीच्या पात्यासारखी दातेरी झाली आहे. मागे सोडलेल्या तुकड्यांत वाहने उभी राहतात. पदपथ मध्येच तुटतो. वाहतुकीला सलग रुंदी मिळत नाही आणि पादचाऱ्याला सलग सावलीही.

त्याहून मोठा बदल मनोऱ्याच्या तळाशी होतो. उंच इमारतीभोवती अग्निशमनाची गाडी फिरावी इतकी मोकळी जागा ठेवणे बंधनकारक आहे, आणि ते रास्तच आहे. परंतु भूखंड अरुंद असल्यामुळे मोटारी उभ्या करण्याचे मजले खाली रचले जातात, आणि घरे सुरू होतात ती त्या वाहनतळाच्या अनेक मजल्यांच्या वर. परिणामी जेथे पूर्वी पहिल्या माळ्याची गॅलरी होती तेथे आता जाळी लावलेली मुकी भिंत आहे. जेथे जिन्याचे तोंड होते तेथे पहारेकऱ्याची चौकी आणि मोटारीचा चढाव आहे. अनेकदा जुन्या भाडेकरूंची पुनर्वसन इमारत आणि नव्या खरेदीदारांची विक्री इमारत यांची दारेही वेगळी असतात. नव्या मनोऱ्यांत राहणारी माणसे वाईट नाहीत, आणि त्यांची घरे चांगली आहेत. त्यांना रस्त्याशी जोडणारा एकही थर मात्र ठेवलेला नाही. पुनर्बांधणीच्या काळात संक्रमण शिबिरांत, म्हणजे म्हाडाने दिलेल्या तात्पुरत्या घरांत, किंवा उपनगरांतल्या भाड्याच्या घरांत गेलेल्या कुटुंबांपैकी कित्येक परतलीच नाहीत, कारण योजना रखडल्या आणि मुले बोरिवली-डोंबिवलीच्या शाळांत रुळली.

भुयारी मेट्रोच्या तिसऱ्या मार्गिकेने या कथेत एक वेगळे प्रकरण जोडले. ३३.५ किलोमीटरांच्या आणि २७ स्थानकांच्या या मार्गिकेची काळबादेवी आणि गिरगाव ही दोन स्थानके याच रस्त्याखाली आहेत. रस्ता इतका अरुंद की तो वरून उघडून स्थानक बांधणे शक्य नव्हते. म्हणून बाजूला खोल विहिरी खणून, तेथून आडवे बोगदे थोडे थोडे कोरत आणि लगेच काँक्रीटचा फवारा मारून ते स्थिर करत ही स्थानके बांधली गेली. विहिरींसाठी आणि प्रवेशद्वारांसाठी मात्र रस्त्यालगतच्या काही जुन्या इमारती पाडाव्या लागल्या. रहिवाशांनी आंदोलन केले, आणि त्यांचे पुनर्वसन त्याच परिसरात करण्याचे ठरले. ही स्थानके असलेला मार्गिकेचा शेवटचा टप्पा ऑक्टोबर २०२५ मध्ये सुरू झाला. रहिवाशांच्या आंदोलनाने एक गोष्ट सिद्ध केली आहे: रहिवासी एकत्र आले, तर पुनर्विकासाच्या अटी बदलता येतात.

म्हणून या अटींत आणखी दोन घालाव्यात अशी मागणी गिरगावकरांनी, आणि मुंबईतल्या व पुण्यातल्या जुन्या रस्त्यांवर राहणाऱ्या सर्वांनीच, करायला हवी. पहिली अशी की रस्त्याकडच्या बाजूला तळमजल्यावर लहान गाळे आणि त्यांच्यावरचे निदान तीन मजले राहत्या घरांचे, उघड्या गॅलऱ्यांसह, ठेवणे बंधनकारक करावे, आणि वाहनतळ त्यांच्या मागे न्यावा. हे बांधकामाच्या दृष्टीने अवघड नाही, केवळ त्यासाठी चटईक्षेत्रात सवलत द्यावी लागेल, आणि सवलती तर आजही अनेक गोष्टींसाठी दिल्या जातात. दुसरी अशी की कोणतीही उपकरप्राप्त इमारत रिकामी करण्यापूर्वी तिचे मोजमापासह नकाशे, छायाचित्रे आणि भाडेकरूंच्या नोंदी तयार करून एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयात किंवा वास्तुशास्त्र महाविद्यालयात जमा केल्याशिवाय पाडण्याची परवानगी देऊ नये. ज्या चाळींच्या दारावर नोटिसा लागल्या आहेत, तेथील रहिवाशांनी मात्र दुसऱ्या अटीसाठी कायद्याची वाट पाहू नये. मोजपट्टी आणि कॅमेरा घेऊन हे काम येत्या दिवाळीच्या सुट्टीत सुरू करावे.